धूर, धुके आणि जमिनीचे फलक

चौक फाट्यावरून कर्जतकडे वळले की जमिनीच्या जाहिरातींचे फलक सुरू होतात. पुढे कडाव, कशेळे, नेरळ अशा कुठल्याही वाटेने गेले तरी ते संपत नाहीत. खालापूर-खोपोलीच्या बाजूलाही तेच चित्र. मजकुराची धाटणी ठरलेली असते: डोंगराच्या कुशीत, नदीच्या काठी, विमानतळ हाकेच्या अंतरावर, क्लिअर टायटल, शेवटचे मोजके प्लॉट. मन वळवणारे लेखन म्हटले की आपल्याला अग्रलेख किंवा निवडणुकीतले भाषण आठवते. प्रत्यक्षात मराठी वाचकाला ते सर्वांत जास्त वेळा भेटते अशा फलकांवर, वर्तमानपत्राच्या घडीत सरकवलेल्या पत्रकांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चित्रांत. म्हणून अलंकार, युक्तिवाद आणि तर्कदोष यांचा आढावा घ्यायचा तर तो कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत उभे राहून घ्यावा. फसव्या युक्तिवादाची किंमत इथे गुंठ्यांत मोजली जाते, आणि कधी माणसांत.

आपल्याकडे तर्काचे शिक्षण डोंगरावरच्या धुरापासून सुरू होई. गौतमाच्या न्यायसूत्रांत, दुसऱ्याला पटवण्यासाठी करायच्या अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी चुलीत, हे उदाहरण. हा डोंगरही तशाच धुराचा आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. वरवर पाहता ही पुनरुक्ती वाटते. पण तिसऱ्या अवयवात सर्वसाधारण नियम, म्हणजे व्याप्ती, उघडपणे मांडावी लागते आणि चौथ्यात तो नियम समोरच्या डोंगराला खरोखर लागू आहे हे दाखवावे लागते. पळवाट काढायची तर ती याच दोन ठिकाणी काढता येते, आणि जुन्या आचार्यांनी नेमक्या तिथेच चौक्या बसवल्या.

माथेरानच्या पायथ्याशी राहणाऱ्याला या उदाहरणातली खोच चटकन कळेल. उन्हाळ्यात शेतकरी राब भाजतात तेव्हा उतारावर दिसतो तो धूर. जूननंतर त्याच उतारावरून वर चढते ते धुके. नैयायिकांनीही वाफेला धूर समजणाऱ्याचे उदाहरण दिले आहे. त्याचा नियम चुकत नाही, त्याचे अनुमानही घाटात बसते, फक्त समोर धूरच नसतो. अशा हेतूला असिद्ध म्हणतात. हेतूसारखे दिसणारे पण हेतू नसलेले असे जे जे असेल तो हेत्वाभास, आणि त्याचे पाच प्रकार न्यायशास्त्राने लावून दिले आहेत. महामहोपाध्याय भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त या परिभाषेचा अख्खा संसार एका ठिकाणी सापडतो.

ॲरिस्टॉटल याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने गेला. पटवणाऱ्या बोलण्याचे त्याने तीन आधार सांगितले: बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. वक्त्याच्या युक्तिवादातला एखादा दुवा बहुधा न बोललेला असतो आणि ऐकणारा तो मनातल्या मनात भरून घेतो, हेही त्याने टिपले. ग्रीकांनी त्याला एन्थिमीम असे नाव दिले. सगळी ताकद या मोकळ्या जागेत आहे. जी गोष्ट आपण स्वतः भरली ती आपल्याला आपलेच मत वाटते, आणि स्वतःच्या मताची उलटतपासणी सहसा कुणी घेत नाही. माझे म्हणणे यातूनच निघते. मन वळवणाऱ्या लेखनात खोट शोधायची तर ती अलंकारात किंवा भावनेत शोधू नये, गाळलेल्या अवयवात शोधावी. आपल्याकडे नेमके उलटे होते. शिकलेला माणूस ‘हे भावनिक आवाहन आहे’ किंवा ‘ही अतिशयोक्ती आहे’ एवढे म्हणून थांबतो आणि खरी चोरी त्याच्या नजरेसमोरून निघून जाते.

विमानतळ घ्या. नवी मुंबई विमानतळाची पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्याच्या आशेवर कर्जत-खालापुरातल्या जमिनी मात्र कितीतरी आधीपासून विकल्या जात आल्या आहेत. फलकावरचा मजकूर पाच अवयवांत मांडून पाहू. प्रतिज्ञा अशी की या प्लॉटचा भाव चढेल. हेतू असा की जवळ विमानतळ झाला आहे. उदाहरणाच्या जागी ‘जिथे विमानतळ तिथे भाव’ हा नियम वाचकाने स्वतःच भरायचा आहे. तो किती किलोमीटरपर्यंत चालतो, किती वर्षांत फळतो, बिनशेती झालेल्या जमिनीला आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीला सारखाच लागतो का, यातले काहीच बोललेले नसते. हेतू खरा आहे, पण साध्य असेल तिथे तो सापडतो आणि नसेल तिथेही सापडतो. न्यायशास्त्रात हा सव्यभिचार हेतू. आणि हाच प्लॉट त्या नियमात कसा बसतो हे सांगणारा उपनय तर फलकावर औषधालाही नसतो.

‘तिसरी मुंबई’ची तपासणी याहून सोपी आहे. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी मार्च २०२४ मध्ये एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले. त्यातली १२४ गावे उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली आहेत. कर्जतच्या फलकावर हे नाव दिसले तर नकाशा उघडावा. तिथे धूर नाही, धुके आहे. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेचे मात्र तसे नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला (एमयूटीपी-३) २९.६ किलोमीटरचा हा दुहेरी मार्ग चौकवरून येतो आणि वावर्ल्याला त्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे. हा हेतू सिद्ध आहे, त्याच्याशी भांडण नाही. प्रश्न व्याप्तीचा उरतो. रोजच्या लोकलने कामाला जाणाऱ्याच्या घराचा भाव रेल्वे ठरवील, पण शनिवार-रविवारपुरत्या वापरायच्या बंगल्याचा भाव तीच ठरवील का? एकाच हेतूने दोन वेगळ्या मालांची विक्री चालते आणि वाचक दोन्हींना एकच नियम लावतो.

मग पत्रकात एक गोष्ट येते: अमक्याने द्रुतगती मार्गाच्या वेळी जमीन घेतली आणि आज तो कोट्यधीश आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तरी फांदी कावळ्याने मोडली असे होत नाही. शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. त्याच सुमारास जमीन घेऊन अजून कुंपणाचे पैसे भरत बसलेल्यांची गोष्ट पत्रकात छापली जात नाही. ‘सगळे घेत आहेत’, ‘आज नाही तर कधीच नाही’, एखाद्या नटाचा हसरा चेहरा, या बाकीच्या युक्त्या जगभर सारख्याच आहेत आणि त्यांवर इथे वेळ घालवण्याची गरज नाही.

‘नदीकाठी’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त, आणि मराठीत ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्रा’त, लक्षणेचे जे प्रसिद्ध उदाहरण येते ते गंगेवरच्या गवळीवाड्याचे आहे. वाडा गंगेवर आहे, असे म्हटले तर शब्दशः तो प्रवाहात असायला हवा. ते शक्य नाही, म्हणून आपण अर्थ काठावर सरकवतो. ही लक्षणा. पण ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणण्यात बोलणाऱ्याचा हेतू असतो. गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला लागते. ही व्यंजना. ‘रिव्हर टच’ म्हणून विकला जाणारा प्लॉट याच व्यंजनेवर जगतो, फक्त त्याला नदीचा गारवा हवा असतो आणि नदीचे पाणी नको असते. कर्जत तालुक्यातली उल्हास नदी नेरळ ओलांडून वांगणी-बदलापूरकडे जाते. २७ जुलै २०१९ रोजी तिचे पाणी वांगणी आणि बदलापूरच्या मधल्या रुळांवर चढले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह अडकली. त्यांना बोटींनी बाहेर काढावे लागले. त्या दिवशी लक्षणेची गरज उरली नाही, शब्दशः अर्थच खरा झाला. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो: निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘नदीकाठी’ म्हणताना काठ कुठल्या रेषेच्या अलीकडचा, हे सांगितले असते तर शब्दाचे सौंदर्य उणावले नसते आणि घेणाऱ्याला उपनय मिळाला असता.

शब्दाशी याहून कठोर खेळ आहे तो छलाचा. न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार आहेत. पहिला वाक्छल: बोलणाऱ्याने एका अर्थाने वापरलेला शब्द ऐकणाऱ्याने मुद्दाम दुसऱ्या अर्थाने घ्यायचा. नव्या कांबळ्याच्या माणसाला ‘तुझ्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत’ असे विचारणे हे त्याचे शास्त्रातले उदाहरण. शास्त्रकारांनी छल ऐकणाऱ्याच्या बाजूने पाहिला, कारण त्यांच्यासमोर वादसभा होती. जमिनीच्या बाजारात तो बोलणाऱ्याकडे गेला आहे. ‘फार्म प्लॉट’ या जोडनावात विकत घेणारा ‘प्लॉट’ ऐकतो आणि कागद ‘फार्म’ म्हणतो. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, असे १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ सांगते. त्याला अपवाद परवानगीचे आहेत. एकरात ४० गुंठे असतात हे खरे, पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्या एकराचे हवे तसे सुटे गुंठे पाडू देत नाही, आणि त्यात आलेल्या सवलतींना अटी आहेत. ‘सातबारा तुमच्या नावावर’ हे आश्वासन तर अक्षरशः पाळले जाऊ शकते: सामाईक सातबाऱ्यावर पंधरावीस नावांच्या रांगेत तुमचेही नाव चढते, पण तुमचा तुकडा कुठला ते कुठेच नसते. ‘क्लिअर टायटल’ हे दोन शब्द असेच सगळे प्रश्न गिळून टाकतात. या दोन तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वाड्या जागोजागी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे परवानगी लागते. ती नसेल तर फलकावरचा स्वच्छपणा रंगाचाच.

नटवलेले वाक्य आणि विधान यांतला भेद कायद्याने काही प्रमाणात ओळखला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या आणि त्यामुळे नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. कलमात शब्द आहे तो विधानाचा. ‘पृथ्वीवरचा स्वर्ग’ याला विधान म्हणता येत नाही, आणि तसे कुणी समजतही नाही. आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून हजारो वर्षांचे हिशेब निघत, वाचक हसत आणि टाळ्या देत. त्या अतिशयोक्तीने कुणाचा खिसा कापला गेला नाही, कारण तिने स्वतःला लपवले नव्हते. ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ मात्र विधान आहे. ते मध्यरात्री मोकळ्या रस्त्यावर गाडीने मोजलेले असले तरी विधानच. नटलेले वाक्य उघडे असते आणि साधे दिसणारे वाक्य लपवू शकते, हे आपल्याकडे पुरेसे शिकवले जात नाही.

शाळेत काय शिकवतो ते पाहा. मराठीच्या व्याकरणात उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, व्यतिरेक, दृष्टान्त यांची लक्षणे पाठ होतात आणि सगळी उदाहरणे कवितेतली असतात. दहावीच्या उपयोजित लेखनात जाहिरात लिहायला सांगतात. आकर्षक शब्द, सवलत, संपर्क असे त्याचे घटक मुलांना ठाऊक असतात. म्हणजे पंधराव्या वर्षी आपण प्रत्येक मुलाला फलक लिहायला शिकवतो आणि फलक वाचायला कुणालाच शिकवत नाही. तर्कशास्त्र अकरावी-बारावीला आहे, पण ऐच्छिक आहे, आणि मराठीच्या तासाशी त्याची ओळखही नसते. नेरळच्या किंवा खालापूरच्या शाळेत जाहिरातलेखनाच्या उत्तराखाली ‘या जाहिरातीत कोणता अवयव गाळला आहे?’ असा दोन गुणांचा प्रश्न आला, तर मुलांना घराबाहेर पडताक्षणी उदाहरणे मिळतील. मला हे मनापासून हवे आहे. ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी या फलकांवर आहेत, त्यांची मुले याच बाकांवर बसतात.

आता दुसरी बाजू. अलंकार म्हणजे फसवणूक, असे मानणारा एक कोरडा बुद्धिवाद आपल्याकडे आहे आणि तो मराठी गद्याच्या इतिहासाशी जुळत नाही. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केसोबासांनी चक्रधरांचे ११४ दृष्टान्त संकलित केले. त्यांची घडण तीन अंगांची आहे: सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. आधी सिद्धान्त, मग गोष्ट, आणि शेवटी ती गोष्ट सिद्धान्ताला कुठे लागते याचा खुलासा. तेराव्या शतकातले हे मराठी गद्य गोष्ट सांगून निसटत नाही, ती लावून दाखवते. दार्ष्टान्तिक म्हणजे एका अर्थाने न्यायातला उपनयच. आजच्या भाषणांत आणि समाजमाध्यमांवर दृष्टान्त भरपूर असतात, दार्ष्टान्तिक हरवले आहे.

ते कसे सांभाळावे याचा मोठा नमुना याच जिल्ह्यात आहे, तेव्हा त्याचे नाव कुलाबा होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे भरलेल्या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी फ्रान्सचे नावही ऐकले नसेल. बाबासाहेबांनी साम्य कुठे आहे ते उलगडले: जन्मावर उभ्या असलेल्या विषमतेला नकार आणि माणसाच्या समान हक्कांची घोषणा. उपमेने इथे शोभा आणली, आणि चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न तहानेच्या पलीकडचा आहे हेही सिद्ध केले. ती उपमा काढली तर युक्तिवाद पडतो. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभी जी साखळी आहे, विद्येच्या अभावापासून सुरू होऊन संपत्तीच्या नाशापर्यंत उतरत जाणारी, तिला साहित्यशास्त्र कारणमाला अलंकार म्हणेल आणि तर्कशास्त्र कार्यकारणांची साखळी म्हणेल. दोन्ही बरोबर आहेत. पुढचे सगळे पुस्तक हे त्या साखळीतल्या एकेका दुव्याचा पुरावा आहे: कुलकर्ण्याचा कागद, सावकाराचे व्याज, सरकारी अधिकाऱ्याचा आळस. उलट फुल्यांच्या लेखनावर तुटून पडताना ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. चिपळूणकरांची शैली मराठी गद्याचे वैभव आहे यात शंका नाही. पण लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन चुकले म्हणून शेतसाऱ्याविषयीचे त्याचे म्हणणे चुकत नाही. व्यक्तीवर वार करून मुद्दा मारल्याचा भास निर्माण करण्याची ही रीत पुढे मराठी वादविवादाला जडली ती सुटली नाही.

बोलणाऱ्याचे चारित्र्य हा ॲरिस्टॉटलचा आधार मात्र खोटा नव्हे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण, म्हणजे भाई कोतवाल, यांनी वकील असूनही गावातल्या मुलांसाठी शाळा चालवल्या, सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता या भूमिगत गटासाठी हाक दिली तेव्हा कर्जत-मुरबाडच्या डोंगरातली माणसे घरदार सोडून निघाली, विजेचे मनोरे पाडले गेले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मा झाले. त्यांच्या शब्दाला वजन आले ते आधीच्या कामातून, आणि ते काम त्याच विषयातले होते. नटाच्या चेहऱ्यावरून जमिनीवर विश्वास ठेवणे आणि धान्यकोठी उभारणाऱ्यावर विश्वास ठेवणे, दोन्ही ‘व्यक्तीकडे पाहून’च आहे. फरक संबंधाचा आहे.

इर्शाळवाडीकडे येताना लेखणी जड होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली ही ठाकर वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. वर जायला गाडीरस्ता नसल्याने बचावाचे जवान आणि गावोगावचे तरुण चिखलातून पायी चढले, हाताने माती उपसत राहिले. हे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, असे सरकारतर्फे विधानसभेत सांगितले गेले. ते खरे होते. पण ‘यादीत नाव नाही’ या वाक्याने ‘धोका कळण्यासारखा नव्हता’ असा जो अर्थ पसरला, त्यात एक अवयव गाळलेला होता. आपल्या दर्शनांनी त्याला नाव दिले आहे: योग्यानुपलब्धी. एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असे म्हणता येते, पण केव्हा? असती तर दिसलीच असती, इतकी पाहणी झाली असेल तेव्हाच. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. यादीतली अनुपस्थिती पुरावा ठरायची तर आधी यादी करणाऱ्याने प्रत्येक वाडीचा उतार, माती आणि झरे पाहिलेले असायला हवेत. हा दुवा न तपासता यादी हातात धरली तर ती प्रशासनाला धीर देते आणि उताराखाली झोपलेल्यांना काही देत नाही.

त्या आठवड्यात छापून आलेल्या रडणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांना काहींनी भावनेचा बाजार म्हटले. मला ते पटत नाही. चौऱ्याऐंशी माणसे गेली त्याचे दुःख हा त्या प्रसंगाचा अर्थच आहे. करुणा वाटून वाचकाने ‘अशा आणखी किती वाड्या आहेत?’ असे विचारले, तर भावनेने तर्काला रस्ता करून दिला. भावना दोषी ठरते ती उत्तराच्या जागी येऊन बसते तेव्हा.

पर्यावरणाच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही हीच कसोटी स्वतःला लावायला हवी. मी त्याच बाजूचा आहे, म्हणून स्पष्ट म्हणतो. डोंगर फोडून रस्ते केले म्हणून दरडी येतात, हे कारण पुष्कळ ठिकाणी खरे आहे. पण इर्शाळवाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. ते कारण तिथे जसेच्या तसे चिकटवणे म्हणजे उपनय गाळणेच. विरोधी बाजूचा दोष याहून मोठा आहे. माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालाने पश्चिम घाटाचे संवेदनशीलतेनुसार तीन स्तर सुचवले आणि ग्रामसभांना विचारा असे सांगितले. त्याविरुद्धचा बहुतेक प्रचार मात्र ‘सगळा विकास बंद करणाऱ्या’ अहवालाविरुद्ध होता, आणि तसा अहवाल कुणी लिहिलाच नव्हता. शेतात बुजगावणे उभे करायचे, त्यालाच झोडायचे आणि पाखरू मारल्याचे सांगायचे, हा प्रकार. पुढे कस्तुरीरंगन समितीनंतर निघालेल्या अधिसूचनेच्या मसुद्यांत कर्जत-खालापुरातली गावे आली तेव्हाही ग्रामसभेत मूळ मजकुरापेक्षा हे बुजगावणेच आधी पोचले.

शेवटी माथेरान, कारण तिथला वाद अजून चालू आहे आणि त्यात सगळ्या बाजूंचे युक्तिवाद खरे तपासण्याजोगे आहेत. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याचा आदेश दिला. न्यायालयाने पंजाबातल्या सायकलरिक्षांविषयीच्या जुन्या ‘आझाद रिक्षा पुलर्स’ निकालाचा आधार घेतला आणि गुजरातेतल्या केवडियाचा दाखला दिला. केवडिया सपाटीवर आणि माथेरान डोंगरावर, असा आक्षेप घेता येईल, पण तो लागू नाही. साम्य रस्त्याचे सांगितलेले नव्हते, स्थानिकांना भाड्याने ई-रिक्षा देण्याच्या व्यवस्थेचे सांगितले होते. दार्ष्टान्तिक जागेवर होते. हातरिक्षा ही माथेरानची ओळख आहे, हा परंपरेचा युक्तिवाद माझ्या दृष्टीने टिकत नाही. ओळख पाहणाऱ्याची असते आणि छातीत भरणारा दम ओढणाऱ्याचा.

उरतो तो घसरणीचा युक्तिवाद: आज ई-रिक्षा, उद्या पक्के रस्ते, परवा मोटारी. याला तर्कदोष म्हणून झटकण्याची सवय पुस्तकी आहे. घसरणीची साखळी ही फुल्यांच्या कारणमालेसारखीच असते आणि तिची परीक्षा दुवा दुवा करून घ्यावी लागते. पहिला दुवा घडून गेला आहे: डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या आणि आता आदेशानेच राहणार आहेत. दुसऱ्यावर न्यायालयाने हद्द घातली: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या लाल मातीच्या वाटांना नाहीत. तिसऱ्या दुव्याच्या आड केंद्र सरकारची ४ फेब्रुवारी २००३ ची अधिसूचना उभी आहे. माथेरानभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील प्रदेश तिने ठरवला आणि नगरपरिषदेच्या हद्दीत रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचे वाहन असे अपवाद सोडून वाहनांना मनाई केली. मोटारी येतीलच असे म्हणणाऱ्याने ती अधिसूचना कोण, कुठल्या मार्गाने बदलू पाहतो आहे हे दाखवावे. काहीच होणार नाही असे म्हणणाऱ्याने आतल्या वाटांवर जाऊन ब्लॉक कुठवर पोचले आहेत ते पाहून यावे.